पाहुणीचा हात

३ मार्च

पोचले एकदाची. दोन विमानं, एक आगगाडी आणि शेवटी एक बस, जिच्यात शेजारच्या बाईने तिची कोंबड्यांची टोपली न विचारता माझ्या मांडीवर ठेवली. बोलणार कुठल्या भाषेत? शिवाय 'नाही' म्हणणं मला मराठीतसुद्धा जमत नाही. आई म्हणते, या पोरीला कुणी विहिरीत उडी मार म्हणालं, तर ही आधी विचारेल, कपडे बदलून येऊ का.

बस थांबली तर सगळं गाव थांब्यावर! म्हातारी माणसं टोप्या काढून उभी. एकेकाने पुढे येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, तळवे दाबून पाहिले. मुलगी बघायला येणारी मंडळीही इतकं निरखत नाहीत, आणि ती आमच्याकडे बरीच येऊन गेली आहेत. एक बाई तर माझा हात गालाला लावून रडलीच. ती गावची शिंपीण, माझी राहायची सोय तिच्याकडेच आहे. तिचं डावं मनगट मोडून वाकडं जुळलेलं आहे, पण हसते तोंडभर. मी तिला मनातल्या मनात मावशी करून टाकलं.

खोली शिवणखोलीच्या वर. लोखंडी खाट, स्वच्छ चादर, खिडकीतून गिरणी आणि बेकरीचं धुराडं दिसतं, त्यामागे उतारावर एक एकटी झोपडी. मला नर्स म्हणून इथे पाठवणाऱ्या संस्थेचं जाकीट दारामागच्या खुंटीवर टांगलं. भडक नारिंगी, आणि खिशात त्याच रंगाची शिट्टी, अडचणीत वाजवायला. ते घातलं की मी रस्ते खोदणाऱ्यांच्या टोळीतली वाटते. लोकांची सेवाच करायची तर इथे तुझ्या मामीचे गुडघे काय वाईट आहेत, असं म्हणून आई रुसली आहे. पण मला आज फार आनंद झालाय.

७ मार्च

दवाखाना म्हणजे शाळेला लागून एक खोली. काचेचं कपाट, वजनकाटा, हिरव्या रेक्झिनचं टेबल. गंमत म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. औषधं आहेत, सुया आहेत, पण सुई टोचायला गावात कुणी तयार नाही! माझी वाट बघत लशी फ्रिजमध्ये गार पडल्या होत्या.

मास्तरने कारण सांगितलं. हा इथल्या शाळेचा मास्तर. याला पाच-सहा देशांच्या भाषा मोडक्यातोडक्या येतात, आणि त्याचा भारी अभिमान आहे. आम्ही दोघं मोडक्या इंग्रजीत बोलतो. म्हणे फार पूर्वी गावात भाऊबंदकी पेटली. एका उन्हाळ्यात निम्मी घरं रिकामी झाली. उरलेल्यांनी शपथ घेतली, की आपल्यातल्या कुणी आपल्यातल्या कुणाच्या अंगावर हात टाकायचा नाही. रक्त काढायचं नाही, मुक्या जनावराचंही नाही. तेव्हापासून एक थप्पडसुद्धा नाही. म्हणून सुई टोचायलाही बाहेरचा माणूस लागतो. मला इथे सगळे 'पाहुणी' म्हणतात. नाव कुणी विचारलंच नाही.

माझ्या अंगावर काटा आला, चांगल्या अर्थाने. आमच्याकडे बांधावरून भाऊ भावाचं डोकं फोडतो. आणि इथे बघा.

११ मार्च

दुपारी उताराच्या बाजूने शिट्टी ऐकू आली. लांब, मग थांबून पुन्हा लांब. मेंढपाळ असेल. मीही जाकिटातली शिट्टी काढली आणि गंमत म्हणून दोनदा वाजवून उत्तर दिलं. तिकडची एकदम बंद झाली. मावशी वर आली, हसतच खिडकी लावून घेतली आणि मला गरम पाव दिला.

२२ मार्च

आज मी कोंबडी मारली. मी! जिने आयुष्यात अंडं फोडलं तेही तोंड फिरवून.

बेकरीवाला टोपली घेऊन दारात उभा. मास्तर म्हणाला, गाव कित्येक महिने डाळ-पावावर आहे, पाहुणी आली आहे तर. मी म्हटलं, मी खात नाही. तो म्हणाला, खा कोण म्हणतंय? शेवटी मावशीची मोठी कात्री घेतली आणि डोळे मिटले. पहिली तडफडली फार. नंतरच्या नाही. संध्याकाळी सगळं गाव एका टेबलाला जेवलं. मला उकडलेले बटाटे. म्हाताऱ्यांनी उठून माझ्या हाताला हात लावला. मला ओशाळल्यासारखं झालं, पण खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं.

९ एप्रिल

आजचा किस्सा वहिनीला कळवायलाच हवा. बेकरीवाल्याची बायको नवऱ्याला दवाखान्यात घेऊन आली. मला वाटलं ताप. तर मास्तरमार्फत तिचं म्हणणं असं, की हा माझ्या आईला उलटून बोलला, तेव्हा पाहुणीने याच्या एक मुस्कटात द्यावी. नवरा मान खाली घालून खुर्चीत, चष्मा आधीच काढून खिशात ठेवलेला!

मी हसले. कुणीच हसलं नाही. मास्तरने समजावलं, आम्ही मारलं तर त्यात राग असतो, आणि राग फिरून घरी येतो. तुझ्या हातात राग नाही. तुझी थप्पड म्हणजे नुसती थप्पड.

मारली हळूच. ती म्हणाली, ही नाही चालणार. मग नीट मारली. नवऱ्याने चष्मा लावला, मला धन्यवाद दिले, आणि दोघं हातात हात घालून गेली. आमच्या आळीतल्या किती संसारांना ही सोय हवी होती!

२८ एप्रिल

आता रोज दोन-तीन येतात. सुयांच्या रांगेशेजारी दुसरी रांग. पण आज आणला तो माणूस निराळा.

त्याला 'कोल्हा' म्हणतात. उतारावरच्या त्या झोपडीत राहतो. म्हातारा वाटतो, पण दात पाहिले तर चाळिशीचाही नसेल. गावात ज्याला विचारावं त्याची याच्याविरुद्ध तक्रार. गिरणीवाल्याचं बोट गेलं ते याच्यामुळे. बेकरीवालीचा कान फाटला तो याच्यामुळे. मावशीने आपलं वाकडं मनगट पुढे केलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. माझं डोकंच फिरलं. अशा साध्या माणसांत असला नग!

त्याला मारताना हळू हात केला नाही. तो माझ्या तोंडाकडे बघून इथल्या भाषेत ओरडत होता, पुन्हा पुन्हा तेच एक वाक्य. मी मास्तरला विचारलं, काय म्हणतो? मास्तर म्हणाला, शिव्या देतोय, तुला कळत नाहीत तेच बरं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

१७ मे

काम वाढलं आहे. गिरणीवाल्याने पिठात भेसळ केली म्हणून बेकरीवाल्याच्या सांगण्यावरून त्याला पट्ट्याने मारलं. त्याबदल्यात गिरणीवाल्याने बेकरीवाल्याचा एक चांगला दात मागितला. दुखत नसलेला दात उपटणं किती अवघड असतं, ते मला माहीत नव्हतं. मुळं घट्ट असतात. मी हिरडी बधिर करून घेतली. काम स्वच्छ झालं, टाका सुंदर बसला. बेकरीवाल्याने तोंडात कापूस धरून मान झुकवली.

मी मारते आणि मीच मलमपट्टी करते. हे लिहिताना विचित्र वाटतंय, पण करताना वाटत नाही. इस्पितळात इतकी वर्षं राबले, तिथे डॉक्टर मला 'सिस्टर, ते द्या' पलीकडे बोलले नाहीत. इथे मी रस्त्याने निघाले की माणसं उठून उभी राहतात.

४ जून

आज प्रथमच 'नाही' म्हणाले.

गिरणीवाल्याला कोल्ह्याचं बोट हवं आहे. बोटाला बोट. मी म्हटलं, मी नर्स आहे, खाटीक नाही. मास्तर म्हणाला, तुझी मर्जी. अगदी शांतपणे.

१३ जून

दवाखान्यात कुणी येत नाही. रस्त्यात माणसं नमस्कार करतात आणि बाजूला होतात. मावशी ताट वाढते, पण जेवायला शेजारी बसत नाही. घरात शिवणयंत्राचा आवाजही नाही. मी पाय आपटले, एकटीच पत्ते खेळले, आईला चार पानी पत्र लिहून मास्तरकडे टाकायला दिलं. फोनला रेंज नाहीच. अबोला मला लहानपणापासून सोसत नाही, मार चालेल.

काल मावशी रडत वर आली. वाकडं मनगट माझ्या मांडीवर ठेवलं आणि नुसती बसून राहिली.

मी म्हटलं, निदान भूल तरी देईन. मास्तर म्हणाला, त्याला कुणाची हरकत नाही.

१४ जून

झालं. मावशीची कात्री उकळून घेतली. करंगळी, मधल्या सांध्यातून. सांध्यातून कापलं तर हाड चिरफाळत नाही. भूल असूनही कोल्हा पूर्ण वेळ जागा होता आणि माझ्या जाकिटाकडे बघत रडत होता. तेच ते वाक्य, आता हळू आवाजात. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. मला वाटलं, शरमेने रडतोय.

संध्याकाळी मावशी शेजारी बसून जेवली.

२० जुलै

भाषा जरा जरा येऊ लागली आहे. पाणी, मीठ, ये, बस, दुखतंय का. मास्तरला ते फारसं आवडलेलं दिसत नाही. म्हणतो, कशाला त्रास घेतेस, मी आहे ना.

तोच आज म्हणाला, कोल्हा मावशीबद्दल गावभर घाण बोलत फिरतोय. तोंडावर एक फटका, कपडे धुवायच्या मोगरीने. एकच. मला मावशीबद्दल कुणी बोललेलं खपत नाही.

बेताने मारायचं ठरवलं होतं. मोगरी जड निघाली. जबडा दोन ठिकाणी मोडला. आवाज अजून कानात आहे. मी पट्टीने जबडा डोक्याशी बांधला, नळीने पाणी पाजलं आणि घरी येऊन ओकले. आता तो बोलू शकणार नाही. मास्तर म्हणाला, सुंठीवाचून खोकला गेला. म्हणजे त्याच्या भाषेतलं तसलंच काहीतरी.

२ सप्टेंबर

मास्तर येऊन बजावून गेला. कोल्हा चवताळला आहे, माझ्या खिडकीखाली घुटमळताना दिसला, खिशात सुरा बाळगतो. मोगरी दाराजवळ ठेवत जा, म्हणाला. आमच्यापैकी कुणी त्याला अडवू शकत नाही, हे तुला माहीतच आहे.

ठेवली.

६ सप्टेंबर

आजच लिहून टाकते. लिहिलं नाही तर वेड लागेल.

आज सगळं गाव मेंढ्यांची लोकर कातरायला कुरणात गेलं होतं. भर दुपार. मी एकटी. जिन्यावर पावलं वाजली. दार ढकललं गेलं आणि कोल्हा आत. जबडा माझ्याच पट्टीत. अंगावर जाडजूड काळा कोट, इतक्या उन्हात. घशातून कसलेतरी आवाज काढत तो पुढे आला आणि कोटाच्या आत हात घालून घाईघाईने काहीतरी उपसू लागला.

मी मोगरी उचलली. एकदा नाही मारली. किती वेळा ते माहीत नाही. तो पडल्यावरही मारत होते. ओरडत होते, मराठीत, आजवर तोंडातून न काढलेल्या शिव्या. भिंतीवर, खाटेवर, माझ्या दातांवर रक्त.

मग त्याची मूठ उघडली. सुरा नव्हता.

शिट्टी होती. नारिंगी.

कोटाखाली जाकीट होतं. विटकं, कोपरावर फाटलेलं. पण माझ्या खुंटीवर आहे तेच. छातीवर संस्थेचा तोच शिक्का.

७ सप्टेंबर

मावशीपुढे बसले आणि त्याचं ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ती भिंतीचं रक्त पुसत होती. पुसता पुसताच अर्थ सांगितला, हळू, मला समजेल अशा शब्दांत.

मीपण पाहुणा होतो.

त्याने मावशीचं मनगट मोडलं, कारण त्याला तसं सांगितलं. गिरणीवाल्याचं बोट, बेकरीवालीचा कान, सगळं सांगितलं म्हणून. आणि ज्यांनी सांगितलं, ते सगळे त्याच्या हाताला हात लावत होते. माझ्यासारखंच. मी त्याला राक्षस समजत होते. देवा, मी त्याच्या जखमा धुतल्या आणि मला वाटलं मी भली आहे.

१० सप्टेंबर

गाव चिडेल वाटलं होतं. उलट मेजवानी! लांब टेबलं, मेणबत्त्या, गाणी. मास्तरने भाषण केलं. त्याने मला नीट समजावलं, आडपडदा न ठेवता. मला नक्की काय झालं आहे ते कळावं, अशी त्याची इच्छा दिसली.

पाहुण्याच्या हातात राग नसतो. सहा तारखेला माझ्या हातात राग आला. तेव्हा मी आता पाहुणी नाही. आता मी त्यांची. मावशी माझ्या गळ्यात पडली आणि प्रथमच मला लेक म्हणाली. इतके दिवस मी त्या शब्दासाठी तडफडत होते. तिची बोटं माझ्या पाठीवर मोजमाप घेत असल्यासारखी फिरत होती.

शपथ सगळ्यांना लागू. आता माझ्या अंगावर कुणी हात टाकणार नाही. म्हणजे आपल्यातलं कुणी.

मी विचारलं, कोल्ह्याच्या आधी कोण होतं? मास्तर म्हणाला, एक उंच बाई होती. कोल्ह्याने मारलं तिला. रागाने.

१५ सप्टेंबर

लेकीला स्वतःचं घर हवं, म्हणून मला उतारावरच्या झोपडीत हलवलं. माझं जाकीट आणि शिट्टी मास्तरने काढून घेतली, पासपोर्ट आधीपासून त्याच्याच कपाटात. माझी पत्रंही तिथेच असणार. कोल्ह्याचं जाकीट मात्र, खिशात त्याची शिट्टी घालून, मी गादीत शिवून ठेवलं आहे. मावशीनेच शिकवलेला टाका.

२३ सप्टेंबर

सकाळी निघाले. रस्त्याने, सरळ, बसच्या दिशेने. बेकरीपाशी पोचेस्तो माणसं जमली. कुणी शिवलं नाही. हात पाठीमागे बांधून माझ्याभोवती कडं केलं आणि मी जाईन तिकडे कडं सरकत गेलं, शेवटी वळवत वळवत मला परत दाराशी आणलं. मेंढरू आणतात तसं.

मी मारलं. बेकरीवालीला, गिरणीवाल्याला, दिसेल त्याला. नखं, दात, लाथा. एकाच्या डोळ्यातून रक्त आलं. कुणी हात वर केला नाही. गिरणीवाला ओठ पुसत हसला. मग कळलं. मी मारलेल्या प्रत्येकाची तक्रार वाढत होती.

हात दाखवून अवलक्षण.

८ नोव्हेंबर

मास्तरने संस्थेला कळवलं म्हणे, आमची नर्स सुखरूप घरी गेली, कृपया दुसरा स्वयंसेवक पाठवा.

आई कशी वाट बघत असेल. मामीचे गुडघे. आई गं.

२ डिसेंबर

बस आली. झोपडीतून सगळं दिसतं.

पोरगा आहे. पंचविशीचा, धिप्पाड, गोरापान, लाजरा. बसमधून कुणाच्या तरी टोपल्या उतरवून देत होता. नारिंगी जाकीट. गावाने त्याचे हात हातात घेतले. फावड्याएवढे हात. मावशी त्यातला एक गालाला लावून रडली.

५ डिसेंबर

पाणवठ्यावर गाठलं त्याला. आधी इंग्रजी. मान हलवून हसतो, कळत नाही. इथली भाषा तर त्याला येतच नाही. हातवारे केले. मग मराठीत रडले, पळ रे बाळा, पळ. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. तेवढ्यात मास्तर आला आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. पोरगा एक पाऊल मागे सरला. माझ्याकडे बघायची त्याची नजर बदलली.

काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. मलाही तेच सांगितलं होतं.

१९ डिसेंबर

खालून टाळ्या, हसणं. कोंबड्या असणार.

४ जानेवारी

आला. मास्तर बरोबर. मागे बेकरीवाला, बायको, गिरणीवाला, सगळी रांग. पोरगा कानापर्यंत लाल. थप्पड हळूच मारली. मास्तर त्याच्या भाषेत म्हणाला असेल, ही नाही चालणार.

मी ओरडले, त्यांच्या भाषेत. मीपण पाहुणी होते, मीपण पाहुणी होते.

त्याने मास्तरकडे पाहिलं. मास्तरने खेदाने मान हलवली.

दुसरी थप्पड नीट बसली.

२२ जानेवारी

दात. माझे दोन. बेकरीवाल्याने एक मागितला, पण पोराच्या हाताला सवय नाही. त्याला भूलही देता येत नाही. तो नर्स नाही. सुतार आहे बहुतेक, पक्कड तशी धरतो.

तो रडत होता. खरंच. गुणी पोरगा आहे—

९ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर घाण.

मावशीची कात्री. न उकळता. सांधा सापडत नव्हता त्याला. मीच डाव्या हाताने बोट धरून दाखवलं, इथे, इथे काप, म्हणजे लवकर—

मावशी दारात उभी होती. लेक म्हणाली.

१४ फेब्रुवारी

ताप. बोटाला वास.

जबडा अजून आहे. पण बोलून उपयोग नाही. दाखवायला हवं. जाकीट दाखवलं की कळेल त्याला. जाकीट सगळ्या भाषांत एकच.

पण कोल्ह्याने तेच केलं. मोगरी दाराजवळ. मी काय केलं ते मला माहीत आहे. मीही गुणीच होते.

त्याच्याकडे जायचं नाही. त्याला इकडे आणायचं. हात उघडे ठेवायचे, कोट नाही घालायचा. सावकाश.

१६ फेब्रुवारी

दुपार. गाव कुरणात. गादी उसवली. शिट्टी वाजवली, लांब, थांबून पुन्हा लांब.

खालून उत्तर आलं. दोनदा. गमतीने.

१७ फेब्रुवारी

पुन्हा वाजवली. पुन्हा उत्तर, दोनदा. हसू ऐकू आलं. मग कुणीतरी खिडकी लावली.

१८ फेब्रुवारी

मास्तर त्याच्याशी बेकरीमागे बराच वेळ बोलत होता. खिशावर हात मारून दाखवत होता. सुरा.

नाही नाही नाही

१९ फेब्रुवारी

येतोय. एकटाच. उतार चढतोय. लांबून लाल दिसतोय तोंडाने. घाबरलाय.

हातात मोगरी.

जाकीट अंगात घातलंय. उजेडात उभी राहीन. पण याचा रंग उडालाय, माती झालीय, लांबून नारिंगी दिसतच नाही— शिक्क्यावर कोल्ह्याचं रक्त वाळलेलं—

शिट्टी. तिचा रंग तेवढा शाबूत आहे. हातात धरून बसायला हवी होती. एकच हात चालतो आणि त्यात पेन— शिट्टी खिशात आहे—

दारात सावली. थांबलाय. त्याला म्हणायचंय बस, बाळा, बघ, हे बघ—

पण बघायला द्यायची तर हात खिशात घालावा ला